एम.ए. इतिहास, हल्ली मुक्काम ताळेबंद



डिसेंबर २०१८ मधे शक्तिकांत दास रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले तेव्हाचे विनोद आठवतात का? "इतिहासाचा एम.ए. आता रुपयाचाही इतिहास करणार" छापाचे. माझ्या इंजिनियरिंगच्या मित्रांनी तर असे आठ-दहा निरोप मला एकाच दिवसात ढकलले होते. दासांची पदवी दिल्लीच्या सेंट स्टीफन्सची आणि विषय इतिहास, एवढं खरं होतं. १९८० च्या तुकडीतला हा आयएएस अधिकारी अर्थ मंत्रालयात महसूल आणि अर्थव्यवहार अशा दोन्ही विभागांचा सचिव होऊन गेला होता, हा भाग विनोदात बसत नव्हता, म्हणून गळला. दास पुढे सहा वर्षं त्या खुर्चीवर होते. त्यांचे निर्णय चांगले की वाईट यावर भांडायला माझी तयारी आहे, पण ते भांडण व्याजदरावर व्हावं. त्यांनी विशीत कुठली पुस्तकं वाचली यावर नको.

गंमत म्हणजे त्याच्या आधीच्या वर्षापर्यंत स्टेट बँकेच्या अध्यक्षपदी अरुंधती भट्टाचार्य होत्या. त्यांचा विषय इंग्रजी साहित्य. १९७७ साली त्या प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या आणि २०१३ साली त्याच बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आता आपल्या धंद्यात आहेत, २०२० मधे सेल्सफोर्स इंडियाच्या प्रमुख झाल्या. आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंब्रिजला काय शिकले? निसर्गविज्ञान, त्यात वनस्पतिशास्त्राचं बक्षीस. आणि संस्कृतची आवड आयुष्यभर. त्यांच्यावर मात्र कुणी विनोद केल्याचं ऐकिवात नाही.

अमेरिकेतली नावं हवी असतील तर तीही आहेत. जॉर्ज सोरोस आणि कार्ल आयकान दोघंही तत्त्वज्ञानाचे. गोल्डमन सॅक्स बारा वर्षं चालवणारे लॉइड ब्लँकफाइन आणि बँक ऑफ अमेरिकाचे ब्रायन मॉयनिहन हे इतिहासाचे. बिल मिलर नावाचा एक फंड मॅनेजर होता. त्याच्या फंडाने १९९१ ते २००५ सलग पंधरा वर्षं निर्देशांकाला मागे टाकलं (आणि २००८ मधे सपाटून मार खाल्ला, तेही सांगायला हवं). तो जॉन्स हॉपकिन्समधे तत्त्वज्ञानात पीएच.डी. करता करता बाहेर पडलेला. २०१८ मधे त्याने त्याच तत्त्वज्ञान विभागाला साडेसात कोटी डॉलर देणगी दिली.

पण खरं सांगू का, ही यादी आपल्या काही कामाची नाही. ब्लँकफाइन आणि मॉयनिहन दोघांनी नंतर कायद्याची पदवी घेतली, आणि मागे हार्वर्ड नि ब्राउनची नावं होती. भट्टाचार्य आणि दास स्पर्धा परीक्षेच्या दारातून आत गेले. त्या दारावर पदवीचा विषय कुणी विचारत नाही, पण ते दार भारतात आहे. इथे, परक्या देशात, पुणे विद्यापीठाची एम.ए., वय सत्तावीस आणि डिपेंडंट व्हिसा एवढ्या भांडवलावर उभ्या असलेल्या माणसाला आयकानचं उदाहरण देणं म्हणजे पोहायला येत नसलेल्याला इंग्लिश खाडीची गोष्ट सांगणं.

ते माणूस म्हणजे माझी बायको. तिला विचारून लिहितोय, आणि मसुदा तिने तपासलाय. तीन ठिकाणी "पुरावा काय?" असं लिहून परत दिला होता.

आम्ही २०१४ मधे रेडिंगला आलो. आपल्याकडच्या पॉटलकची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. नवीन जोडपं आलं की नवऱ्याला कंपनी आणि क्लायंट विचारायचा, बायकोला "तू काय केलंयस?" ती म्हणायची, "इतिहासात एम.ए., सेट झालंय, कॉलेजात शिकवत होते." मग दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी वहिनी प्रेमानेच म्हणायच्या, "अगं, मग इथे नर्सरीत वगैरे बघ ना, मुलं आवडतात का तुला?"

ती काय करत होती ते दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. पुण्यात चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. हे ज्यांनी केलंय त्यांना जास्त सांगायला नको. वर्षाच्या शेवटी मानधन, सुट्टीत शून्य, आणि कायम जागेची जाहिरात कधी निघणार ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. पण त्या काळात ती मोडी शिकली आणि पेशवे दप्तरात बसून एका देवस्थानाचे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले जमाखर्चाचे कागद वाचले. पीएच.डी.चा विषय तोच धरायचा होता. रजिस्ट्रेशन व्हायच्या आधी लग्न, आणि लग्नानंतर सहा महिन्यांत विमान.

रेडिंगला पहिलं वर्ष तिने चॅरिटी शॉपमधे स्वयंसेवक म्हणून काढलं. पुस्तकांचं कपाट लावायचं, गल्ला मोजायचा. संध्याकाळी रोख आणि पावत्या जुळत नसत आणि मॅनेजरबाई वैतागून फरक कुठेतरी टाकून मोकळ्या व्हायच्या. हिला ते बघवेना. दोन आठवड्यांत तिने शोधून काढलं की परत आलेल्या कपड्यांचे पैसे एक स्वयंसेवक गल्ल्यातून देत होता पण यंत्रावर नोंदवत नव्हता. चोरी नव्हती, आळस होता. त्या बाईंनी तिला विचारलं, तू बुककीपिंग का नाही करत? तोवर हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नव्हता.

रात्री चर्चा झाली. चर्चा कसली, तिची स्वतःशीच वाटाघाट चालली होती. एका बाजूला पीएच.डी. इथून करायची तर परदेशी विद्यार्थ्याची फी, आणि इथे बसून मोडी कागद मिळणार कुठून. पुण्याला परत जाऊन करायची तर तीन-चार वर्षं वेगळं राहायचं. दुसऱ्या बाजूला हे. ती म्हणाली, "मला पैशांची हौस नाही असं नाही. पण मी दहावीनंतर गणित केलेलं नाही, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यापासून सुरू करणं म्हणजे आधीची दहा वर्षं फुकट गेली असं मान्य करणं." फोनवर माझी आई म्हणाली, "एवढी एम.ए. होऊन आता दुसऱ्यांची बिलं चिकटवायची?" सासरे काहीच बोलले नाहीत. ते स्वतः इतिहासाचे शिक्षक.

आता माहितीचा भाग, कारण हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे.

ब्रिटनमधे लेखापाल व्हायला कॉमर्सची पदवी लागत नाही. हे आपल्याकडून आलेल्या माणसाला पटतच नाही. इथे मोठ्या चार ऑडिट फर्मा दरवर्षी इतिहास, भूगोल, संगीत, लॅटिन असल्या विषयांची मुलं घेतात आणि चार्टर्डची तयारी पगार देऊन करून घेतात. १८८० साली सनद मिळालेल्या इथल्या चार्टर्ड अकाउंटंट संस्थेची अट म्हणजे परीक्षा आणि किमान ४५० दिवसांचा प्रत्यक्ष अनुभव. विषय कोणताही. अर्थात त्या फर्मांचे दरवाजे मुख्यतः इथल्या विद्यापीठांतून ताज्या बाहेर पडलेल्या पोरांसाठी असतात. परदेशी पदवी आणि मधे रिकामी वर्षं असली की अर्जातली चाळणीच पुढे जाऊ देत नाही. हिने अकरा अर्ज केले, अकरा नकार. (पदवीची इथल्या पदवीशी तुलना करून देणारं प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा त्या सेवेला नॅरिक म्हणत, आता यूके एनिक. ते घेऊन ठेवावं, पण त्याने दार उघडतं असं नाही. फक्त बंद व्हायचं एक कारण कमी होतं.)

दुसरा रस्ता एसीसीएचा. १९०४ सालची संस्था. नोकरी कुठेही करा, परीक्षा स्वतः द्या, आणि ३६ महिन्यांचा संबंधित कामाचा अनुभव दाखवा. तिने दिल्या तेव्हा एकूण तेरा पेपर होते, तीन पायऱ्यांत. कॉमर्सवाल्यांना सुरुवातीचे बरेच पेपर माफ होतात, हिला एकही नाही. उत्तीर्ण व्हायला पन्नास गुण. ऐकायला सोपं वाटतं, पण मधल्या आणि वरच्या बऱ्याच पेपरांचा निकाल चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे प्रत्येक वेळी वर्गातला दर दुसरा माणूस नापास.

आणि गणिताचं भूत. मी इंजिनियर असल्यामुळे मला वाटलं होतं की शिकवणी माझ्याकडे येईल. तशी वेळच आली नाही. तेरा पेपरांत जे गणित आहे ते म्हणजे बेरीज, वजाबाकी, टक्केवारी, भारित सरासरी आणि चक्रवाढ उलटी करून आजचं मूल्य काढणं. सूत्रांचा कागद परीक्षेत मिळतो. कॅलक्युलस नाही. ज्यांना खरंच गणित लागतं ती दालनं वेगळी आहेत, डेरिव्हेटिव्हची किंमत काढणारी, जोखमीची मॉडेलं बांधणारी. तिथे इतिहासाची एम.ए. घेऊन जाऊ नये, आणि कुणी "सहज जमेल" म्हणून कोर्स विकत असेल तर पाकीट सांभाळावं. माझी नोकरी अशाच एका विभागाच्या सिस्टिम्स सांभाळण्याची आहे, तिथली मंडळी पाहतो म्हणून सांगतो.

सप्टेंबर २०१५ मधे तिला पहिली नोकरी लागली. बांधकामाचं साहित्य पुरवणाऱ्या छोट्या कंपनीत पर्चेस लेजर क्लार्क. आईचं भाकीत खरं ठरलं, काम बिलांचंच होतं. ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचं बिल हे तिन्ही कागद जुळवायचे, जुळले तर पैसे सोडायचे. महिनाअखेरीला बँकेचा जमाखर्च वहीशी ताडून पाहायचा. पगार चॅरिटी शॉपच्या मॅनेजरबाईंपेक्षाही कमी होता.

पहिल्या आठवड्यात ती घरी येऊन म्हणाली, "अरे, हे सगळं मी वाचलेलं आहे." मला वाटलं एसीसीएच्या पुस्तकात. तर नाही, दप्तरात. रोजकीर्द म्हणजे यांचं डे बुक. खतावणी म्हणजे लेजर. तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्सची आजी. देवस्थानाच्या कागदांत 'वरात' म्हणजे अमक्या महालाच्या वसुलातून तमक्याला इतके द्यावेत असा हुकूम. इथे पेमेंट ऑर्डर. नावे आणि जमा तर आहेतच. इटलीतल्या पाचोलीने द्विनोंदी पद्धत १४९४ साली छापली म्हणून सगळे त्याचं नाव घेतात. आपल्या कारकुनांची पद्धत ती नव्हती, हे ती मला आवर्जून सांगते, उगाच "आमच्याकडे सगळं आधीच होतं" असं म्हणू देत नाही. पण वहीकडे बघायची नजर एकच.

ब्रिटिश आयकराचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, त्याची तिच्या वर्गातल्या सगळ्यांना गंमत वाटायची. १७५२ मधे इंग्लंडने कॅलेंडर बदललं, अकरा दिवस गाळले, आणि २५ मार्चचा जुना वर्षारंभ सरकत एप्रिलात गेला, त्याचा हा अवशेष. हिला त्यात नवल वाटलं नाही. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो, त्याचं वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतं, आणि महिने मुसलमानी. तीन कालगणना एकमेकींवर बसवून ज्याने कागदाची तारीख लावलीय त्याला ६ एप्रिल म्हणजे काहीच नाही.

या साम्यांपर्यंत ते नुसतं मनोरंजन होतं. खरी गोष्ट पुढे ऑडिटच्या पेपरात निघाली, आणि मला वाटतं या लेखात सांगण्यासारखं काही असेल तर ते हेच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी साधनांची प्रतवारी शिकवतात. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, त्यामागचा आग्रह हाच होता. घटनेच्या वेळी लिहिलेलं अस्सल पत्र वरच्या दर्जाचं, पन्नास वर्षांनी धन्याला खूश करायला लिहिलेली बखर खालच्या. कागद कुणी लिहिला, कधी, कुणासाठी, आणि तो अस्सल की नक्कल, हे विचारल्याशिवाय आत काय लिहिलंय ते वाचायचंच नाही. आता ऑडिटच्या आंतरराष्ट्रीय मानकांतलं पाचशे क्रमांकाचं मानक बघा, पुराव्याबद्दलचं. बाहेरच्या स्वतंत्र माणसाकडून आलेला पुरावा कंपनीच्या आतल्या पुराव्यापेक्षा भरवशाचा. मूळ कागद छायाप्रतीपेक्षा भरवशाचा. लेखी हे तोंडीपेक्षा. ऑडिटरने स्वतः मिळवलेलं हे दुसऱ्याने आणून दिलेल्यापेक्षा. ती ते पान घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "हे राजवाडेच आहेत की."

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या रामलिंग राजूंचं पत्र आलं. बँकेत दाखवलेले ५,०४० कोटी रुपये नव्हतेच. ताळेबंदात आकडा होता, मागे बँकेचे म्हणून कागदही होते, ते बनावट निघाले. २०२० च्या जूनमधे जर्मनीच्या वायरकार्डचं तेच. १९० कोटी युरो फिलिपिन्समधल्या दोन बँकांत आहेत असा कागद, आणि त्या बँका म्हणाल्या की कागद आमचा नाही. या दोन्ही ठिकाणी बेरीज चुकलेली नव्हती. बेरजा उत्तम होत्या. प्रश्न कागद कुठून आला हा होता, आणि तो विचारायची सवय गणिताच्या वर्गात लागत नाही. आम्हा इंजिनियरांना तर अजिबात नाही. आम्हाला इनपुट दिलं की आम्ही आउटपुटच्या मागे लागतो, इनपुट देणारा कोण हे आम्ही क्वचितच विचारतो.

दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारलं होतं, इतिहासाचा इथे काय उपयोग? तिने नंदादीपाच्या तेलाची गोष्ट सांगितली. देवस्थानाच्या एका सालच्या खर्चात नंदादीपाचं तेल तेरा महिन्यांचं पडलेलं. अधिक मास असेल तर ठीक. तिने पंचांग लावून पाहिलं, त्या साली अधिक मास नव्हता. मग पुजाऱ्याने तेल खाल्लं म्हणायचं का? तर तसं लगेच म्हणता येत नाही. आधीच्या सालचे कागद काढले, तिथे अकराच महिने निघाले. एका महिन्याची बाकी पुढच्या सालात दिली होती आणि कारकुनाने दिली त्या साली लिहिली. मुलाखत घेणारा हसला आणि म्हणाला, आमच्याकडेही हाच घोळ दर डिसेंबरला होतो. खर्च कुठल्या वर्षाचा हा प्रश्न तिथे आणि इथे तोच. नोकरी मिळाली.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की इतिहास केलेल्यांना हे काम फारच सोपं. मुळीच नाही. परफॉर्मन्स मॅनेजमेंट नावाच्या पेपरात ती दोनदा नापास झाली, आणि कारण गणित नव्हतं. तीन तास, शंभर गुण, म्हणजे दर गुणाला १.८ मिनिटं. पाच गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं आणि पाच मुद्दे, संपलं. ही बाई त्यावर प्रस्तावना, दोन्ही बाजू आणि उपसंहार लिहून यायची. उत्तर सुंदर, गुण तीन, आणि शेवटचा प्रश्न कोरा. तिसऱ्या वेळी मी शेजारी मोबाइलवर नऊ मिनिटांचा गजर लावून बसायचो. माझा शैक्षणिक वाटा एवढाच, शिवाय एक्सेलमधलं व्हीलुकअप. पुढे शेवटच्या पायरीवर चार तासांचा एक पेपर होता. एका कंपनीची वीस पानी माहिती देतात आणि संचालक मंडळाला अहवाल लिहायला सांगतात. तिच्याबरोबरचे कॉमर्सवाले तिथे अडकले, ही पहिल्या फटक्यात सुटली.

मधे २०१८ मधे मुलगा झाला, दीड वर्ष पुस्तकं बंद. मग जून २०२० ची परीक्षा कोविडमुळे रद्द झाली, ती एका परीने पथ्यावर पडली. डिसेंबर २०२१ मधे तेरावा पेपर सुटला. सहा वर्षं. जाहिरातीत जे 'दोन-अडीच वर्षांत' लिहितात ते लेकुरवाळ्या, नोकरी करणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं नसतं. सध्या ती एका हाऊसिंग असोसिएशनमधे फायनान्स मॅनेजर आहे. लंडन सिटीतल्या काचेच्या इमारती नाहीत, बोनस नाही, पण साडेपाचला घरी येते.

आणि गेलं ते गेलं. हेही सांगायला पाहिजे, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. पहिल्या दोन वर्षांत तिने मोडीच्या वह्या उघडल्या नाहीत. बांधून वर टाकून दिल्या होत्या. ज्या देवस्थानाचे कागद तिने वाचले त्यावर दुसऱ्या कुणीतरी काम केल्याचं कळलं त्या रात्री जेवली नाही. शिकवण्याबद्दल तर ती बोलतच नाही. तिचा एक सिद्धांत आहे, की इतिहासात दोन साधनं अगदी तंतोतंत जुळली तर संशय घ्यायचा, एकाने दुसऱ्यावरून उतरवलंय. इथे जुळली नाहीत तर संशय. रोज आठ तास जुळवत बसायचं म्हणजे मेंदूची एक बाजू झोपते, असं तिचं म्हणणं. मी यावर काही बोलत नाही. पगार आल्यावर सगळं भरून निघतं असं मानणाऱ्यांनी एकदा आपल्या घरात विचारून बघावं.

दुसऱ्या देशांतल्या मंडळींसाठी थोडंसं. अमेरिकेत एच-४ वर असलेल्यांपैकी काहींना २०१५ मधे कामाची मुभा मिळाली, त्याआधी हा प्रश्नच नव्हता. तिथे सीपीएसाठी अकाउंटिंगचे ठरावीक क्रेडिट लागतात. एम.ए. कुठलीही असो, ते क्रेडिट कम्युनिटी कॉलेजातून स्वस्तात होतात. नियम राज्यागणिक वेगळे, आणि सध्या बदलतही आहेत, तेव्हा आपल्या राज्याच्या बोर्डाकडूनच विचारून घ्यावं. एन्रोल्ड एजंट हा लहान रस्ता आहे. करांची तीन भागांची परीक्षा, पदवीची अटच नाही. आखातात २०१८ मधे अमिरातीने पाच टक्के व्हॅट आणला आणि २०२३ मधे कंपनी करही, त्यामुळे जिथे पूर्वी वही ठेवायचा आळस चालत होता तिथे आता हिशेब ठेवणारी माणसं लागतात. आणि भाचरं-पुतण्या भारतात बी.ए. करत असतील तर त्यांना सांगा की साठ टक्के असले तर कला शाखेच्या पदवीधराला सीएच्या इंटरमीजिएटला थेट प्रवेश आहे. कॉमर्सवाल्याला पंचावन्न लागतात. पाच टक्क्यांचा काय तो फरक.

एक गोष्ट मात्र माझ्या धंद्यामुळे खटकते. २०१५ साली ती ज्या पायरीवर चढली ती पायरी आता झिजत चाललीय. बिल स्कॅन करून आकडे उचलायचं, तीन कागद जुळवायचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि आमच्याच टीमसारख्या टीमा ते बनवतात. तिच्या ऑफिसात पूर्वी तीन क्लार्क होते तिथे आता एक आहे. नवीन माणसाने आत यायचं कुठून? तिचं उत्तर असं, की जुळतात ती बिलं यंत्राने जुळवावीत, जी जुळत नाहीत ती बघायला माणूस लागेलच. ते पटतं. पण जुळणारी पाच हजार बिलं हाताखालून गेल्याशिवाय न जुळणारं ओळखायची नजर कशी येणार, हे तिलाही सांगता येत नाही. ज्यांना आत्ता सुरुवात करायचीय त्यांना ती सांगते की छोट्या कंपनीत किंवा चॅरिटीत शिरा, जिथे एकाच माणसाला सगळं करावं लागतं. मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन अर्जांत वर्ष घालवू नका.

कुणाला अभ्यासक्रमाबद्दल, पुस्तकांबद्दल विचारायचं असेल तर जरूर लिहा, शनिवारी सकाळी ती उत्तरं देईल. जुनी पुस्तकं मात्र मागू नका. करांचे नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे तिने ती कधीच पुनर्वापराच्या पेटीत टाकली. मोडीच्या वह्या आहेत. गेल्या दिवाळीपासून त्या पुन्हा खाली आल्यात आणि रविवारी दुपारी माझ्या मुलाला आधी रेघ ओढून मग खाली अक्षरं लटकवायचा धडा चालू आहे.

आणि हो, आपल्या मंडळाच्या खजिनदारपदाबद्दल तिघांनी विचारणा केली. त्याला ती नाही म्हणालीय. गेल्या गणपतीच्या हिशेबाच्या मूळ पावत्या असतील तर त्या पाठवा, म्हणे, नकला नकोत.